खडकावरील वृक्ष आणि गीतेतील अश्वत्थ

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्यांवर जी जुनी घरे उभी आहेत, त्यांच्या भिंतींकडे पावसाळा सरल्यावर मान वर करून पाहिले, तर कोठे ना कोठे पिंपळाचे एखादे रोप दिसतेच. चुन्याचा गिलावा जेथे सुटलेला असतो, पन्हळीचे पाणी जेथे झिरपत राहते, तेथे त्या रोपाने मूळ धरलेले असते. ते कोणी लावलेले नसते आणि त्याला कोणी पाणीही घातलेले नसते. पिंपळाचे फळ खाऊन पक्षी छपराच्या वळचणीला येऊन बसतो आणि त्याच्या विष्ठेतून मोहरीहूनही बारीक असे बीज विटांच्या फटीत पडते. एवढ्यावर त्या वृक्षाचा संसार सुरू होतो. पहिल्या वर्षी चार पाने, दुसऱ्या वर्षी हातभर फांदी, आणि पाच-सात वर्षांनी भिंतीला तडा, असा त्याचा क्रम ठरलेला आहे. गवंडी म्हणतो, उपटून टाका. घरातील वडील मंडळी म्हणतात, पिंपळाला हात लावू नये.

अशाच एका घरी गीतेच्या पंधराव्या अध्यायाचे वाचन चालू आहे अशी वाचकांनी कल्पना करावी. घर मराठी आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्या काळापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येत राहिली, पुढे रेल्वे आणि नोकऱ्यांच्या निमित्ताने आणखी आली. बोलीत छत्तीसगढी शब्द मिसळले, जेवणात भाताचे प्रमाण वाढले, तरी कुलदेवतेचे स्थान मात्र अनेकांचे अजून सह्याद्रीच्या कुशीतच आहे. कल्पिलेल्या या कुटुंबाची कुलदेवीही मावळातील एका डोंगरावर आहे. अध्याय संपला आणि नातवाने विचारले :

"आजोबा, दहाव्या अध्यायात देव म्हणतात की झाडांमध्ये मी पिंपळ आहे. आणि आज वाचलं त्यात तर पिंपळ तोडून टाकायला सांगितलं आहे. मग आपल्या भिंतीतल्या पिंपळाचं काय करायचं? उद्या गवंडी येणार आहे म्हणे."

आजोबा हसले. "बाळ, प्रश्न चांगला काढलास. पण त्याचं उत्तर भिंतीकडे पाहून मिळायचं नाही. आपल्या देवीच्या डोंगराकडे पाहिलंस तर मिळेल."

मुलाचा प्रश्न सोपा वाटला तरी पुष्कळ वाचकांच्या मनात तो असतो, आणि पंधरावा अध्याय पाठ म्हणणारेही त्यापाशी थांबत नाहीत. म्हणून आधी ग्रंथाचा अभिप्राय पाहू आणि मग त्या डोंगराकडे जाऊ.

दहाव्या अध्यायाच्या २५ व्या आणि २६ व्या श्लोकांत दोन विभूती लागोपाठ आल्या आहेत. स्थावरांमध्ये हिमालय ही पहिली, आणि सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ ही दुसरी. स्थावर म्हणजे जे जागचे हलत नाही ते. कोर्टकचेऱ्यांच्या कागदांतील 'स्थावर-जंगम' या जोडीमुळे गृहस्थाला हा शब्द घर आणि जमीन एवढ्याच अर्थाने परिचित झाला आहे, हे त्या शब्दाचे दुर्दैव. शास्त्रात पर्वत आणि वृक्ष ही दोन्ही स्थावरेच होत. त्यांच्यात भेद एवढाच की पर्वत स्थिर राहून झिजतो आणि वृक्ष स्थिर राहून वाढतो. एकाची झीज ती दुसऱ्याची वाढ कशी होते, हे पुढे दिसेल.

पंधराव्या अध्यायात जो अश्वत्थ सांगितला आहे त्याचे मूळ वर आणि शाखा खाली आहेत. असा वृक्ष कोणत्याही अरण्यात सापडत नाही. आणि तिसऱ्या श्लोकात तसे स्पष्टही केले आहे की वर्णिलेले हे रूप येथे तसे आढळत नाही, त्याला आदि नाही, अंत नाही. तो संसाराचे रूपक आहे, आणि तो छेदण्यासाठी जे शस्त्र दिले आहे तेही लोखंडाचे नसून असंगाचे, म्हणजे अनासक्तीचे आहे. सारांश, दहाव्या अध्यायातील अश्वत्थ हा पारावरचा वृक्ष, आणि पंधराव्यातील अश्वत्थ हा त्या वृक्षाचे नाव घेऊन सांगितलेला संसार. यात विरोध नाही. कुऱ्हाडीला तर तिथे कामच नाही.

तथापि एक अडचण उरते आणि ती अधिक सूक्ष्म आहे. याच वृक्षाला पहिल्याच श्लोकात 'अव्यय' म्हटले आहे. श्रीशंकराचार्यांनी 'अश्वत्थ' शब्दाची जी व्युत्पत्ती सांगितली, तिच्याप्रमाणे जो उद्यापर्यंतही टिकत नाही तो अश्वत्थ. जो उद्यापर्यंत टिकत नाही तो अव्यय कसा? ज्ञानेश्वर महाराजांनी हा प्रश्न सोडवताना समुद्राचा दृष्टांत घेतला आहे. एका बाजूने मेघ समुद्राचे पाणी उचलून नेतात, दुसऱ्या बाजूने नद्या ते भरीत असतात. म्हणून पाहणाऱ्याला समुद्र कधी उणा दिसत नाही. तसे या वृक्षाचे झडणे आणि फुटणे इतके लागोपाठ चालते की लोक त्याला न झडणारा समजतात.

हा दृष्टांत डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर पिंपळ तितकासा उपयोगी नाही. पिंपळाची पाने माघ-फाल्गुनात बऱ्याच अंशी गळतात, काही दिवस फांद्या उघड्या पडतात आणि मग चैत्राच्या आसपास तांबूस पालवी झळकू लागते. त्याची पानगळ कोणालाही दिसते. ज्याची पानगळ दिसतच नाही असा वृक्ष पाहावयास सह्याद्रीवर जावे लागते.

वैशाखात रायपूरहून निघालेल्या यात्रेकरूने गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहावे. नागपूरपर्यंत आणि त्यापुढेही रानोरान साग उघडा उभा असतो. पळसाची फुले झडून गेलेली असतात. टेकड्यांवर वाळलेले पिवळे गवत तेवढे दिसते. पुण्याच्या पश्चिमेस मावळात शिरल्यावरही प्रथम हेच दृश्य असते. मग वाट डोंगरावर चढू लागते, आणि घाटमाथ्याजवळ एका वळणावर काळ्याभोर खडकाच्या उतरणीवर गडद हिरव्या झाडीचा एक तुकडा समोर येतो. आत शिरताच अंगावरचे ऊन जाते आणि पायाखालची धूळ नाहीशी होऊन ओलसर पाचोळा लागतो. भोवतालच्या आठ कोसांत जी हिरवळ नाही ती या एवढ्याशा तुकड्यात कशी राहिली, असा प्रश्न ज्याला पडत नाही त्याची यात्रा निम्मीच झाली असे म्हटले पाहिजे.

येथील खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर वाहून आलेला आणि थिजलेला लाव्हा. त्याला काळा पाषाण म्हणतात. महाबळेश्वरासारख्या माथ्यावर त्याच्यावर जांभ्या दगडाचे टोपण आहे. रायपुरास वर्षभरात सरासरीने सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि तोही बहुतेक सगळा ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून भाद्रपदापर्यंत. इतके पाणी पडते म्हणून झाडे हिरवी राहतात, असे सहज म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. उरलेले सात-आठ महिने तेथे जवळजवळ कोरडे जातात, आणि उघड्या उतरणीवर पडलेले पाणी काही घटकांतच दरीत उतरून कोकणात जाते. खडकाच्या अंगी ते धरून ठेवण्याची शक्ती नसते. मेघाने दिले आणि पर्वताने घेतले नाही, अशीच तेथील स्थिती झाली असती.

ते घेणारे वृक्ष आहेत. महाबळेश्वर, भीमाशंकर, माथेरान या उंच जागी जी सदाहरित झाडी आहे तिच्यात तीन झाडे विशेष : अंजनी, जांभूळ आणि पिसा. जांभूळ सर्वांच्या ओळखीचे आहे. पिशाची पाने लांबट असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूस पांढरट छटा असते, त्यामुळे वाऱ्याने झाड हलले की ते क्षणभर रुपेरी दिसते. अंजनीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण खडकावर राहावे कसे हे तिच्याकडून शिकावे. (खानदेश-वऱ्हाडाकडे ज्याला अंजन म्हणतात तो वृक्ष निराळा, नावाच्या साम्याने फसू नये.) अंजनी उंच होत नाही. वाऱ्याच्या माऱ्यापुढे ती ठेंगणी आणि वाकडीतिकडी राहते, पण तिचे लाकूड अतिशय कठीण असते. पाने जाड, चामड्यासारखी, वरून गुळगुळीत. पावसाचे पाणी त्यांवरून निथळते आणि उन्हाळ्यात आतले पाणी सहसा बाहेर पडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या फांद्यांवर, अगदी जुन्या लाकडालाही लगडून, निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. भोवतालचे सारे रान करपत असताना हा निळा बहर पाहिला म्हणजे तिला अंजनी हे नाव कोणी ठेवले असेल याचे कारण निराळे शोधावे लागत नाही.

ही झाडे सदाहरित म्हणजे त्यांचे पान गळत नाही, असा समज आहे. पान गळते. सदाहरित वृक्षाखालचा पाचोळा हातात घेऊन पाहावा. त्यात पिवळे पडलेले पान आहे, तपकिरी पान आहे, शिरांची नुसती जाळी उरलेले पान आहे, आणि खाली काळी माती आहे, जी गतवर्षीची पानेच होत. फरक एवढाच की ही झाडे सगळी पाने एकदम टाकीत नाहीत. एकेक पान वर्षाहून अधिक काळ राहते आणि आपली पाळी आली की गळते. त्याच फांदीच्या टोकाला तेव्हा नवे पान आलेले असते. म्हणून खालून वर पाहणाऱ्याला छत्र सदा एकसारखे दिसते. मेघ नेतात आणि नद्या भरतात, तो समुद्राचा दृष्टांत येथे फांदीफांदीवर घडत असतो. 'उद्यापर्यंत न टिकणारा' आणि 'अव्यय' ही दोन विशेषणे एकाच वृक्षाला कशी लागू पडतात, याची शंका अंजनीच्या झाडाखाली अर्धी घटका बसल्यावर राहत नाही. अव्यय दिसतो तो प्रवाह; पान तर प्रत्येक जाणारच आहे.

आता गळलेल्या पानाचे काय होते ते पाहू, कारण साऱ्या गोष्टीचे मर्म तेथेच आहे. खडकाच्या भेगेत प्रथम शेवाळ, मग नेचे, मग गवत येते. त्यांच्या कुजण्याने चिमूटभर माती होते. त्या चिमटीत एखादे बी रुजते आणि मूळ भेगेत उतरते. मुळातून पाझरणाऱ्या सौम्य आम्लांनी दगड कणाकणाने विरघळतो, मुळाच्या फुगण्याने भेग रुंदावते, आणि मुळांशी गुंतलेले बुरशीचे सूक्ष्म तंतू जेथे मूळ पोचत नाही तेथून ओल आणि क्षार ओढून आणतात. पर्वताची झीज ती वृक्षाची वाढ, असे वर म्हटले ते हेच. पण खडकातून मिळते ते थोडे. वृक्षाचे खरे पोषण होते ते त्याच्या स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या पाचोळ्यातून. कीटक, गांडुळे आणि बुरशी त्या पाचोळ्याचे काळे, भुसभुशीत आस्तर करतात. ते पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेते आणि भेगांमध्ये हळूहळू सोडते. वर झाडांचे छत्र असल्यामुळे ऊन त्याला वाळवीत नाही. हिवाळ्यात पहाटेचे धुके पानांवर अडते आणि थेंबाथेंबाने खाली पडते, तेही त्यालाच मिळते.

म्हणजे हे वृक्ष ज्या मातीवर उभे आहेत ती त्यांनी स्वतः मिळवलेली आहे. पर्वताने त्यांना उभे राहण्यास जागा दिली. राहण्याची सोय त्यांची त्यांनी, टाकून टाकून, केली. जो वृक्ष पाने धरून ठेवील त्याच्या मुळाशी काही साचणार नाही, आणि जो सर्व एकदम टाकील त्याची सावली जाऊन साचलेलेही वाळेल. तिसऱ्या अध्यायात अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांचे जे फिरते चक्र सांगितले आहे आणि जो ते पुढे चालवीत नाही त्याचे जगणे व्यर्थ म्हटले आहे, ते चक्र घाटमाथ्याच्या या वीतभर मातीत फिरताना दिसते. पाने देणे आणि पाणी घेणे हे तेथे दोन व्यवहार नाहीत.

आस्तरात मुरलेले हे पाणी पुढे झरे होऊन निघते. भीमाशंकरच्या झाडीत भीमा उगम पावते, आणि पंढरपुरास ज्या चंद्रभागेत वारकरी स्नान करतो ती हीच भीमा. महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम एका देवळात दाखवितात. देवळातील गोमुखाला यात्रेकरू हात जोडतो. गोमुखाच्या मागे, वरच्या उतरणीवर, पाणी धरून ठेवणारे जे आहे त्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही.

येथे एखादा रायपूरकर वाचक म्हणेल की सदाहरित वृक्षासाठी सह्याद्रीपर्यंत जाण्याचे कारण काय, छत्तीसगडात सरई नाही का? सरई म्हणजे साल. तिची राळ घरोघर धूप म्हणून जळते, तिच्या पानांचे द्रोण-पत्रावळी लग्नकार्यात वाढल्या जातात, आणि मैकल पर्वताच्या अंगाखांद्यावर तिची मोठमोठी वने आहेत. तीही उन्हाळ्याच्या आरंभी पाने टाकते आणि लगेच नवी घेते, म्हणून क्वचितच उघडी दिसते. पण सरईला खोल, निचऱ्याची माती लागते. ती मातीवरची राणी आहे; खडकावरचा संन्यास तिच्या वाट्याचा नव्हे.

खडकावरच्या वनाची एक गोष्ट मात्र फार नाजूक आहे. ते एकदा गेले की सहजासहजी परत येत नाही. जांभूळ, आंबा यांसारख्या वृक्षांचे बी वाळले की मरते. धान्याप्रमाणे ते कोठारात वर्षभर ठेवता येत नाही. जांभूळ पिकून पडते ते पावसाच्या तोंडाशी, आणि सावलीत, ओल्या पाचोळ्यात पडले तरच रुजते. पुष्कळ सदाहरित झाडांची रोपे लहानपणी ऊन सोशीत नाहीत. आईच्या छायेतच ती वाढतात. वरची झाडे तोडली की पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच शतकांचे आस्तर धुऊन दरीत जाते. मग उन्हाळ्यात काळा पाषाण तापतो, तेथे गवत येते, गवताला वणवा लागतो, आणि वणव्यात जगेल तेवढेच उरते. भाग्य असेल तर कारवी येऊन उतार धरते. नाहीतर माणूस नुसता उघडा डोंगर पाहतो आणि तो आधीपासून असाच होता असे समजतो.

असे असूनही घाटमाथ्यावर हिरवे तुकडे राहिले, त्याचे कारण देवराई. वाघजाई, काळकाई, शिरकाई अशा देवींच्या नावाने गावाने एखादी उतरण सोडून दिली आणि तेथे कोयता चालणार नाही असे ठरविले. वाळलेले लाकूडदेखील घरी न्यावयाचे नाही, असा कडक नेम अनेक ठिकाणी होता. हा नेम घालणाऱ्यांना बीज, आस्तर आणि झरा यांचा संबंध शास्त्रीय भाषेत सांगता आला नसता, पण पाणवठा देवराईच्या पायथ्याशी असतो हे त्यांना माहीत होते. डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवराया हिंडून पाहिल्या आणि आसपास नामशेष झालेले वृक्ष या तुकड्यांत टिकून असल्याचे दाखविले. त्या अभ्यासापासून विद्वानांचे लक्ष इकडे वळले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही स्थाने आहेत. मात्र एखाद्या लहान गावच्या दोन-चार एकरांच्या राईला असे मोठे संरक्षण नसते. तिला देवीचे भय आणि भक्तांची श्रद्धा हेच कुंपण.

आणि आता भक्तांकडूनच ते कुंपण मोडले जात आहे. हे कटू वाटेल, तरी लिहिले पाहिजे. जुने देऊळ लहान, कौलारू किंवा नुसत्या छपराचे असते. पुष्कळ ठिकाणी तर देवी उघड्यावर झाडाखालीच असते. दूर गेलेली कुळे श्रीमंत होतात, त्यांना देवीचे ऋण आठवते आणि जीर्णोद्धाराची वर्गणी निघते. सभामंडप मोठा हवा, म्हणून चार झाडे जातात. मोटार देवळाच्या पायरीपर्यंत यावी म्हणून उतार कापून रस्ता होतो, त्यात चाळीस जातात. खर्च भागत नाही म्हणून आणखी काही विकली जातात. शेवटी सिमेंटचा मंडप उभा राहतो, त्यात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या बसतात, आणि चैत्रात जत्रेला पाण्याचा टँकर आणावा लागतो. यात दुष्ट हेतू कोणाचाच नसतो. ज्याने पैसे पाठविले तो तीनशे कोसांवर असतो; झाडे तुटताना त्याने पाहिलेलीही नसतात.

पंधराव्या अध्यायातील असंगशस्त्राचा विचार येथे करावा. त्या शस्त्राने जे तोडावयाचे ते अशा प्रसंगी नेमके कोणते? देवीच्या दारात आपले नाव दगडावर राहावे, आपला मंडप शेजारच्या गावाहून मोठा दिसावा, ही वासना म्हणजेच त्या अधोमुख शाखांपैकी एक कोवळा फुटवा. तिला हात न लावता अंजनी तोडली, तर शस्त्र चुकीच्या झाडावर चालले. नवव्या अध्यायात भक्तीने अर्पिलेले पान, फूल, फळ आणि पाणी भगवंत स्वीकारतात असे आश्वासन आहे. या चारही वस्तू राईत आधीच आहेत, आणि चारही मंडपासाठी नाहीशा होतात.

झाडे तोडू आणि नंतर दुप्पट लावू, असे उत्तर काही जण देतात. त्यांचा सद्भाव मान्य करूनही सांगितले पाहिजे की खडकावर ते घडत नाही. वृक्षारोपणाच्या उत्साहात डोंगरउतारांवर गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी अशी झपाट्याने वाढणारी परकी झाडे लावली गेली. यांपैकी काही बारा महिने हिरवी असतात, त्यामुळे डोंगर लांबून झाकलेला दिसतो. पण ऑस्ट्रेलियन बाभळीखाली जाऊन पाहावे : वाळक्या पानांचा थर लवकर कुजत नाही, त्याखाली रोपे फारशी दिसत नाहीत, आणि आसपास जांभळा-अंजनीला येणारे पक्षीही दिसत नाहीत. हिरवेपणा आणि सदाहरित वन या भिन्न गोष्टी आहेत. ज्यांना खरोखर लावावयाचे असेल त्यांनी जुन्या राईच्या कडेलाच, तिच्या सावलीच्या आधाराने, तेथीलच बियांची रोपे लावावीत आणि वणवा व गुरे यांपासून काही वर्षे राखावीत. राई मग स्वतःच हातभर हातभर पुढे सरकते. नांद्रुक, उंबर यांसारखी वडाच्या कुळातील झाडे या कामी फार उपयोगी पडतात, कारण त्यांची फळे अशा वेळीही पिकतात जेव्हा रानात दुसरे काही नसते. फळांसाठी पक्षी येतात आणि इतर झाडांची बीजे घेऊन येतात. सदर बाजारातील भिंतीत पिंपळ आणणारा पक्षी डोंगरावर हेच काम करतो.

उताराच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. अशा अनर्थाला अतिवृष्टी, मुरमाड मातीचा जाड थर, उतारावरील खोदकाम अशी अनेक कारणे मिळून असतात; नुसती वृक्षतोड पुढे करणे तेथील लोकांवर अन्याय होईल. फार मोठी दरड झाडांच्या मुळांनाही आवरत नाही. परंतु वरचा हात-दोन हातांचा थर मुळेच बांधून ठेवतात, एवढे निश्चित. आणि देवळाचा रस्ता कापण्यापूर्वी जाणत्याला तो उतार दाखवावा, एवढे तरी देणगीदाराला सांगता येते.

आता त्या मुलाचा प्रश्न. भिंतीतील पिंपळ पाप लागेल म्हणून वाढू देणे आणि मग घर खिळखिळे झाल्यावर तो बुंध्यापासून तोडणे, ही रीत घरालाही मारते आणि वृक्षालाही. रोप वीतभर असतानाच, पावसाळ्याच्या दिवसांत, भोवतालचा चुना हलक्या हाताने मोकळा करून ते मुळांसकट काढावे, ओल्या मातीत बांधावे, कुंडीत वर्षभर जोपासावे आणि मोकळ्या जागी, घरांपासून दूर, लावावे. भेगेत चुना भरून घ्यावा. विभूतीचा मान राहतो आणि गवंड्याचेही काम होते.

आजोबांनी तसेच केले. रोप कुंडीत आले. पुढचा पावसाळा आला की ते तलावाच्या काठी न्यावयाचे, असे नातवाने ठरविले. मग आजोबांनी पेटीतून एक कागद काढला. कुलदेवीच्या जीर्णोद्धारसमितीचे ते वर्गणीचे पत्र होते. त्यावर मंडपाचा नकाशा छापला होता आणि कोणत्या रकमेला केवढी पाटी तेही दिले होते. नकाशात देवळाच्या मागची बाजू कोरी होती.

"आजोबा, इथेच ना ती निळ्या फुलांची झाडं?" मुलाने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

"इथेच." आजोबांनी चष्मा पुसला आणि पोस्टकार्ड घेऊन गावच्या गुरवाला लिहावयास बसले. मंडपासाठी राईतील किती झाडे काढावी लागतील, त्यांत अंजनी किती, आणि मंडप दहा हात पुढे, मोकळ्या अंगणात घेतला तर चालेल का, एवढे तीनच प्रश्न त्यांनी विचारले. वर्गणी उत्तर आल्यावर पाठवितो, आणि पाटी नको, असे खाली लिहिले.